फुंकर

टॉर्क रॉडच्या नटात स्प्लिट पिन नव्हती. तिच्या जागी कुठल्यातरी जळक्या मोटरच्या वाइंडिंगमधली तांब्याची तार दोन पिळे देऊन अडकवलेली होती. रविवारी सकाळी अंगणात गाडी पुसत होतो, चिंधीचा धागा तिथं अडकला म्हणून लक्ष गेलं. वाकून बघितलं, बोटानं तार हलवली, तर ती सैल. नटही नुसत्या बोटांनी अर्धा आटा फिरला. मी ओल्या फरशीवर तसाच उकिडवा बसून राहिलो, कारण आठच दिवसांपूर्वी याच गाडीवरून, बायकोला मागं बसवून, मी पाचगणीहून पसरणी घाट उतरलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, वळणावळणावर डोंगराचं पाणी रस्त्यावर आलेलं होतं, आणि माझा उजवा पाय सगळा घाटभर त्या ब्रेकवर होता.

ब्रेक दाबला की चाकाच्या आत दोन अर्धगोल शू फाकतात आणि फिरत्या ड्रमला आतून जाऊन घासतात. ड्रम त्यांना आपल्याबरोबर ओढू बघतो. मग शू ज्या प्लेटवर बसवलेत ती प्लेटही चाकाबरोबर फिरायला निघते. तिला जागेवर धरून ठेवतो तो हा फूटभर रॉड. नट गळून तो सुटला तर प्लेट गरकन फिरते, ब्रेकचा रॉड पिळवटून टाकते, चाक जागच्या जागी जाम होऊ शकतं. हे होऊ नये म्हणून नटाच्या पुढं आडवी पिन घालतात आणि तिचे दोन पाय फाकवून ठेवतात. दोन-चार रुपयांची वस्तू. तीन आठवड्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये मागचे लायनर, म्हणजे शूवरचा घासणारा थर, बदलून घेतले होते, तेव्हा ती बहुतेक मोडली असावी आणि हाताशी दुसरी नसावी. मी त्याच पावली तिथं गेलो. मालक दुसऱ्या गाडीखाली होता. तार दाखवली तर मान न काढताच म्हणाला, "चालतंय की. तार काय तुटती व्हय?" ज्या पोरानं काम केलं होतं तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. तो माझ्याकडं बघेना. त्याचा राग आला नाही. त्याला कुणी सांगितलंच नसणार की हा रॉड कशासाठी असतो.

पण ते 'चालतंय' घरापर्यंत माझ्याबरोबर आलं. आमच्या घरात हा शब्द जेवणाला चालायचा, कपड्याला चालायचा, शाळेच्या मार्कांनाही चालायचा. ब्रेकला कधी चाललेला मी ऐकला नाही. अण्णांचं सुरूर फाट्यावर ब्रेक लायनरचं दुकान होतं, पस्तीस वर्षं.

आता अण्णा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दम लागतो. न्हाणीघरापासून ओसरीपर्यंत आले की खुर्चीच्या पाठीवर हात टेकून थोडा वेळ उभे राहतात आणि मगच बसतात. बोलताना वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्यांनी बोलणंच कमी केलंय. काठीनं फरशीवर एकदा टकटक म्हणजे इकडं बघ, दोनदा म्हणजे चुकतोयस. मी परत आलो तेव्हा ते ओसरीवर चहा घेत होते. तार त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, बोटांत फिरवली, आणि बशीत ठेवली. म्हणाले, "पेटी काढ."

पेटी म्हणजे पत्र्याची हिरवी ट्रंक. दुकान गेलं तेव्हा तेवढीच घरी आली. माझं आयुष्य साताऱ्याच्या एका कार्यालयात फायली सांभाळण्यात गेलं. या पेटीला मी हात लावायचो तो खंडेनवमीला, पाने धुऊन पुसून पाटावर मांडायला आणि झेंडूची फुलं वाहायला. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत ती माळ्यावर. त्या दिवशी झाकण उघडलं तर आत डिझेलचा, गंजाचा आणि जुन्या ग्रीसचा वास अजून तसाच होता, आणि प्रत्येक पाना तेलकट चिंधीत गुंडाळलेला. म्हणजे अण्णा मधूनमधून पेटी उघडत होते. मला हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत माळ्याच्या शिडीवर ते कधी चढले असतील, कुणाला न सांगता, याचा विचार करत मी पाने एकेक करून गोणपाटावर मांडले.

गाडी २००६ ची स्प्लेंडर प्लस आहे, टाकीवर अजून हीरो होंडा लिहिलेली. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एका वेळी लागायची सोय सक्तीची झाली. आमच्या गाडीला ते काही नाही. उजव्या पायाखाली फक्त मागचं चाक, आणि त्या चाकात वाटीच्या तोंडाएवढा, ११० मिलिमीटरचा ड्रम. एवढ्याशा वाटीवर दोन माणसांची भिस्त.

मेन स्टँडवर गाडी घेतली. आधी ब्रेक रॉडच्या टोकाचा ॲडजस्टिंग नट फिरवून काढला, रॉड मागं ओढला, आणि स्प्रिंग नि गोल पिन हरवू नयेत म्हणून पुन्हा रॉडवरच चढवून नट दोन आटे लावून ठेवला. हे मी आठवून केलं नाही, हातानंच केलं. लहानपणी अण्णांनी इतक्या वेळा सांगितलेलं होतं की काढलेली वस्तू जिथून काढली तिथंच परत लाव. मग टॉर्क रॉडचा तो नट. मग एक्सलचा. तो काही हलेना. रिंग पाना लावून, दोन्ही हातांनी जोर देऊन बघितलं, खांदा भरून आला. अण्णांची काठी दोनदा वाजली. मी पाना वरच्या बाजूला लावून उचलत होतो. त्यांनी हातानं खूण केली, पाना आडवा लाव आणि वरून पायानं दाब. पाय दिला, कट्ट आवाज झाला, नट सुटला. चेनच्या दोन्ही ॲडजस्टरचे नट सैल केले, पण त्याआधी स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या, खुणा मोजून खडूनं भिंतीवर लिहिल्या, डावीकडं किती, उजवीकडं किती. एक्सल लाकडाच्या ठोकळ्यावरून हातोडीनं ठोकत बाहेर आणला. हातोडी थेट आट्यावर मारायची नाही, हेही हाताला माहीत होतं. एक्सल निघाला तसा स्पेसर टणकन फरशीवर पडला आणि घरंगळत तुळशीपाशी गेला.

या गाड्यांची एक गोष्ट मला फार आवडते. चाक काढायला चेन काढावी लागत नाही. चेनचा मागचा मोठा चक्का स्विंगआर्मवर स्लीव्ह नटाच्या आधारानं तसाच राहतो आणि चाक त्याच्यापासून बाजूला सरकतं. मध्ये रबराचे जाडसर ठोकळे असतात, चक्क्याचे दात त्यांच्या खोबणीत बसलेले. इंजिनाचा झटका चाकाला थेट लागू नये म्हणून. चाक हलवत हलवत ओढलं की ते रबर ओल्या मातीतून पाय निघावा तसा आवाज करतं. शेवटी चाक मडगार्डखाली अडतं. बायको आली, तिनं कॅरियर धरून गाडी आपल्या अंगावर कलती केली, मी चाक खालून काढून घेतलं. "पडणार नाही ना हो?" ती म्हणाली. "धरून ठेव," मी म्हणालो. ती गाडी धरून उभी होती आणि मला आठ दिवसांपूर्वीचा तो घाट आठवला, माझ्या खांद्यावरचा तिचा हात, आणि एका वळणावर तिनं जरा घट्ट केलेली पकड. त्या वळणाबद्दल मी तिला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

चाक गोणपाटावर आडवं ठेवलं आणि ब्रेक प्लेट उचलली. आत काळी भुकटी. बारीक, कोरडी, काजळासारखी. ड्रमच्या कडेनं वाळूसारखी साचलेली. आणि वास. जळक्या राळेचा, तापून गार झालेल्या लोखंडाचा, किंचित कडू. तो नाकात गेला आणि मी अंगणात राहिलोच नाही.

पुण्याकडून येणारे ट्रक खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला यायचे तेव्हा हा वास त्यांच्या आधी यायचा. तेव्हा बोगदा नव्हता, जाणारे-येणारे सगळेच घाटातून. ड्रायव्हर उतरून चाकांपाशी बसायचे, कोणी पाणी मारायला निघायचा तर अण्णा ओरडून थांबवायचे, कारण लालबुंद तापलेल्या बिडाच्या ड्रमवर गार पाणी पडलं की तो तडकतो. मग अण्णा चाकापाशी जायचे आणि ड्रमपासून चार बोटांवर तळहात धरायचे. हात न लावता. डोळे दुसरीकडंच कुठंतरी. थोडा वेळ तसाच हात धरून ते सांगायचे की लायनर संपलंय, की ड्रायव्हरनं गिअर न टाकता नुसत्या ब्रेकवर घाट उतरवलाय. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, पेडल खाली खाली जायला लागतं. लायनरही तापून गुळगुळीत होतं, धरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढतोस त्याच गिअरमध्ये उतर, हे ते नव्या क्लीनरांना सांगत. त्यांचं ऐकून कितीजण तसे उतरले माहीत नाही. पण परतीच्या खेपेला थांबून, दुकानापुढं ट्रक उभा करून, नुसता चहा प्यायला बसणारे ड्रायव्हर मी बघितलेत.

पत्र्याची शेड, पुढं दोन लाकडी फळ्या, आत एक ऐरण, पायानं दाबायची रिव्हेट मशीन आणि एक ड्रिल. ट्रकचा शू म्हणजे माझ्या तेव्हाच्या छातीएवढा. जुन्या लायनरचे रिव्हेट छिन्नीनं उडवायचे, लायनर ताटली फुटावी तसं सुटून यायचं. नवं लायनर शूवर ठेवून रिव्हेट मारताना अण्णा मधल्या भोकापासून सुरुवात करायचे आणि मग एक डावीकडं, एक उजवीकडं, असं टोकांकडं जायचे. टोकापासून सुरू केलं तर मध्ये फुगा राहतो, लायनर शूला पुरतं टेकत नाही, आणि मग ते तडकतं. शेवटी दोन्ही कडा कानसेनं तिरक्या करायच्या म्हणजे ब्रेक किंचाळत नाही. प्रत्येक रिव्हेटवर हातोडीचं टोक हळूच आपटून आवाज ऐकायचे. भद्द आवाज आला तर तो रिव्हेट उडवून नवा. गिऱ्हाईक घाई करत असलं तरी. मला तो वेळ फार लांब वाटायचा, कारण त्यानंतर आम्हाला भजी मिळायची.

माझं काम फुंकर मारायचं. रिव्हेटच्या भोकांत भुकटी बसलेली असे. ती निघाल्याशिवाय रिव्हेट नीट बसत नाही. अण्णा ड्रिल मारायचे आणि मी वाकून प्रत्येक भोकात फुंकर मारायचो, फूऽ, आणि करडी भुकटी उलटी माझ्याच तोंडावर यायची. मोठ्या ड्रममध्ये अण्णा स्वतः फुंकायचे. दोन्ही हात ड्रमच्या कडेवर, छाती भरून घ्यायचे आणि एकच फुंकर अशी की ड्रमच्या तळाची सगळी भुकटी उठून शेडभर व्हायची. दुपारचं ऊन पत्र्याच्या भोकांतून आत यायचं, त्या उन्हाच्या काठ्यांत ती भुकटी चमकायची, बराच वेळ खाली यायची नाही. मला ते सुंदर वाटायचं. आजही डोळे मिटले की ते सुंदरच दिसतं, आणि तिथंच माझी पंचाईत होते.

कारण त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. उष्णता सोसणारं, घासलं तरी न जळणारं, स्वस्त. ब्रेकला याहून सोयीचं काही नव्हतं. त्याचे तंतू केसाहून कितीतरी बारीक. श्वासातून आत गेले की फुफ्फुसात रुतून बसतात, शरीराला ते विरघळवता येत नाहीत, आणि त्यांचा त्रास दिसायला वीस-तीस वर्षं, कधी चाळीसही जातात. साठाहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडं सरसकट बंदी नाही. दुचाकीच्या चांगल्या शूच्या डबीवर आता ॲस्बेस्टॉसविरहित असं छापलेलं असतं, सुट्या, डबी नसलेल्या शूमध्ये काय असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला होता की ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या तब्येतीची नोंद काम सुरू झाल्यापासून चाळीस वर्षं, किंवा काम सोडल्यावर पंधरा वर्षं, यांतलं जे नंतर येईल तोवर ठेवली पाहिजे. मी तो निकाल दोनदा वाचला. चांगला आहे. पण तो खाणींना आणि कारखान्यांना. सुरूर फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमधला मालकही अण्णा, कामगारही अण्णा, आणि त्यांचा हेल्पर आठ वर्षांचा मी. आमची नोंद ठेवणारं कोण होतं? एक आई होती. ती अण्णांचा शर्ट घरात येऊ द्यायची नाही, परसात नेऊन दोरीवर टाकून काठीनं झटकायची. ती तरी तो धुरळा घेतच होती.

चार वर्षांपूर्वी अण्णांना साताऱ्याला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. तिथल्या तपासणीच्या मुलीनं नाकाला चिमटा लावून तोंडात नळी दिली. "काका, पूर्ण श्वास घ्या, आणि आता जोरात फुंका. जोरात. फुंका, फुंका, फुंका, अजून." अण्णांनी फुंकलं. यंत्राच्या पडद्यावरची रेघ जरा वर गेली आणि कलंडली. तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी नळी काढून माझ्याकडं बघितलं. ट्रकच्या ड्रमचा तळ एका दमात साफ करणारा हा माणूस, त्याला फुंकता येईना, आणि समोरची मुलगी नव्या रुग्णाला नळी लावायला निघाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "काय काम करत होतात?" अण्णांनी सांगितलं. "विडी-सिगरेट?" अण्णांनी खरं तेच सांगितलं, पन्नाशीपर्यंत विडी होती. डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं. कुठल्या धुरानं काय केलं हे आता वेगळं काढता येणार नाही. त्या दोन ओळी एकाखाली एक लिहिलेल्या मी बघितल्या आणि विडीवर सगळं ढकलून मोकळं व्हावं असं मला मनापासून वाटलं. विडीवर राग धरता येतो. त्या भुकटीवर मला राग धरता येत नाही. माझी शाळेची फी, हे घर, माझ्या बहिणीचं लग्न, सगळं त्या भुकटीतून आलंय.

अण्णांना मी ॲस्बेस्टॉसबद्दल कधी काही बोललो नाही. त्यांना माहीत आहे की नाही, हेही विचारलं नाही.

काठी एकदा वाजली. मी प्लेट हातात घेऊन तसाच बसलो होतो. अण्णांनी हात पुढं केला. मी नको म्हणायच्या आत बायकोनं प्लेट त्यांच्या मांडीवरच्या वर्तमानपत्रावर नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा वर केला, शूवरून अंगठा फिरवला. एका शूचं लायनर दुसऱ्यापेक्षा जास्त घासलेलं होतं. दोन शूंपैकी एक चाकाच्या फिरण्याच्या दिशेनं फाकतो, त्याला ड्रम आणखी आपल्याकडं खेचून घेतो. दुसरा उलट्या दिशेनं फाकतो, त्याला ड्रम मागं ढकलतो. अण्णा त्यांना ओढ्या आणि ढकल्या म्हणायचे. ओढ्याच खरं काम करतो आणि तोच आधी झिजतो. लायनरवर काचेसारखी चकाकी आली होती, घाटात तापल्याची. तीन आठवड्यांचे शू, जाडी भरपूर शिल्लक, पण वरचा थर भाजलेला. शू फाकवतो त्या कॅमला ग्रीसचा थेंबही लावलेला नव्हता, कोरडा खडखडीत.

मग अण्णांनी प्लेट दोन्ही हातांनी उचलली, तोंडाजवळ नेली आणि फुंकर मारली.

भुकटी हलली नाही. कडेचा एखादा कण हलला असेल. त्यांनी पुन्हा श्वास घेतला, तो अर्ध्यावरच अडकला, खोकला आला, आणि प्लेट मांडीवर टेकवून ते खोकत राहिले. बायको पाणी आणायला आत धावली. मी प्लेट त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांनी सोडली नाही लगेच. क्षणभर आम्ही दोघांनी ती धरलेली होती, त्यांची नखं काळी, माझीही काळी. मग म्हणालो, "अण्णा, ओल्या फडक्यानं पुसतो. फुंकायचं नाही." ते माझ्याकडं बघत राहिले. खोकला थांबल्यावर, श्वासाश्वासाला थांबत, म्हणाले, "ठाऊक हाय मला. शेवटल्या चार वर्सांत... ओल्या फडक्यानंच करत हुतो. एका कंपनीचा माणूस... सांगून गेला हुता." थोडं थांबून म्हणाले, "तू तवा... कालेजात हुतास." आणि मग, बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता, "तुला फुंकर माराय बसवला... त्येचंच वाईट वाटतं."

मी बादलीत फडकं बुडवलं. काय बोलायचं ते सुचलं नाही. मला काही झालेलं नाही, अण्णा, एवढंच म्हणालो. माझा एक्स-रे मी दोन वर्षांपूर्वी गुपचूप काढून घेतला होता, तो स्वच्छ होता. तेही त्या वेळी सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिला त्या एक्स-रेचं पहिल्यांदाच कळत होतं.

पुढचं काम आम्ही फार न बोलता केलं. शू काढायला स्प्रिंगा ओढाव्या लागत नाहीत. दोन्ही शू बाहेरच्या कडेनं धरून पुस्तक मिटावं तसे आत वळवले की ते स्प्रिंगांसकट हातात येतात. ओल्या फडक्यानं प्लेट पुसली, ड्रम पुसला, फडकं प्रत्येक वेळी नवं घेतलं, आणि काळी झालेली सगळी फडकी ओली असतानाच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकली. लायनरची चकाकी घालवायची होती. एरवी ती कोरड्या पॉलिश पेपरनं घासतात, मी पेपर पाण्यात भिजवून फरशीवर पसरला आणि त्यावर शू गोलाईनं फिरवला. करडा चिखल झाला, उडालं काही नाही. ड्रमच्या आत बोट फिरवून बघितलं. कड लागली नाही, खोल चर नव्हते. आत कोरलेली कमाल व्यासाची खूण बायकोला टॉर्च धरायला लावून वाचली, अण्णांच्या जुन्या कॅलिपरनं मोजलं, अजून बराच वाव होता. कॅम काढून पुसला, त्याच्या दांड्यावर आणि शू टेकतात त्या दोन सपाट बाजूंवर बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. जास्त लावलं तर तापून पातळ होतं आणि लायनरवर उतरतं. ग्रीस प्यालेलं लायनर मग कितीही पुसा, धरत नाही. लिव्हर काढताना कॅमवरच्या ठिपक्याची खूण बघून ठेवली होती, तिला जुळवून परत बसवली. शू पुन्हा पुस्तकासारखे उघडत जागेवर दाबले. खट्ट.

शू बसवलेली प्लेट सुकायला उन्हात ठेवली तेवढ्यात चहा झाला. बायकोनं विचारलं, "त्या दिवशी घाटात काही झालं असतं का हो?" मी म्हणालो, "झालं असतं." तिनं बशीतली तार उचलली, सरळ केली, पुन्हा ठेवली.

चाक चढवताना तिनं परत गाडी कलती केली. रबराच्या खोबणीत चक्का बसेपर्यंत चाक पुढंमागं हलवावं लागलं, मग एक्सल, स्पेसर, नट. भिंतीवरच्या खडूच्या आकड्यांप्रमाणं दोन्हीकडच्या खुणा जुळवल्या. एक्सलचा नट शेवटचा आवळायला पाना लावला तर काठी दोनदा वाजली. मी थांबलो. अण्णा खुर्चीतून उठले. हळूहळू पायऱ्या उतरून आले, पाट मागितला, गाडीच्या उजव्या बाजूला पाटावर बसले आणि ब्रेकचं पेडल दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं. मला आठवलं. पेडल दाबलेलं असताना नट आवळला की दोन्ही शू ड्रमला टेकलेले असतात, प्लेट आपोआप मधोमध येते, ब्रेक सारखा लागतो. हे मी साफ विसरलो होतो. "आवळ," ते म्हणाले. मी आवळत होतो आणि त्यांचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता, शिट्टीसारखा, आत जाताना एक आवाज, बाहेर येताना दुसरा. त्यांचे हात पेडलवर थरथरत होते पण पेडल वर आलं नाही.

टॉर्क रॉडचा नट आवळला. नवी पिन आधीच दुकानातून आणून ठेवली होती, खरं तर दहा आणल्या होत्या. अण्णांनी ती माझ्या हातातून घेतली. भोकात सरकवली, पक्कडीनं एक पाय वर वाकवला, दुसरा खाली, आणि टोकं कापडाला लागू नयेत म्हणून चेपून टाकली. मग अंगठा फिरवून बघितलं. पेडलला बोटभर मोकळीक राहील एवढा रॉडचा नट फिरवला, चाक हातानं फिरवलं. कुठं घासल्याचा अगदी बारीक आवाज आला, आणि तो बरोबर होता.

संध्याकाळी मी एकटाच पसरणी घाटात पहिल्या तीन-चार वळणांपर्यंत जाऊन आलो. खाली वाईचे दिवे लागत होते, धोम धरणाच्या पाण्यावर शेवटचा उजेड होता. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पेडल वर होतं, पायाला घट्ट लागत होतं, नुकत्याच घासलेल्या लायनरला असते तशी जराशी खरखर होती. घरी येऊन गाडी अंगणात लावली. अण्णा अजून ओसरीवर होते. ते काठी टेकत खाली आले, चाकापाशी वाकले, आणि ड्रमपासून चार बोटांवर तळहात धरला. तोंड तुळशीकडं. मी इंजिन बंद करून उभा होतो. बराच वेळ त्यांनी हात तसाच धरला.

"बसतील," ते म्हणाले. "दोन दिस जाऊ दे."